भारतात कुठेही चालेल

बडोद्यात मराठी माणसाने दिलेली सगळ्यात यशस्वी मुलाखत १८७५ सालची. उमेदवाराचं वय बारा, शिक्षण शून्य, सही करण्यापुरतीही अक्षरओळख नाही. पद मात्र साधंसुधं नव्हतं. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलं होतं, खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली होती, आणि घराण्याच्या लांबलांबच्या शाखांमधली मुलं बडोद्याला बोलावली गेली होती. मालेगावजवळच्या कवळाण्याहून काशीराव गायकवाडही आपली पोरं घेऊन आले. मुलांना म्हणे एकच प्रश्न विचारला गेला : बडोद्याला कशासाठी आलात? कोणी गप्प राहिलं, कोणी म्हणालं शहर बघायला. गोपाळ नावाच्या मुलाने सांगितलं, राज्य करायला.

ही आख्यायिका बडोद्याच्या मराठी घरांतून चहाबरोबर सांगितली जाते. पुढचं मात्र इतिहासात नोंदलेलं आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं, गोपाळचे सयाजीराव झाले, आणि लगेच शिकवणी सुरू झाली. प्रत्यक्ष कारभार हाती आला तो २८ डिसेंबर १८८१ ला. म्हणजे साडेसहा वर्षांचं प्रोबेशन! नंतर मात्र १९३९ मध्ये देह ठेवेपर्यंत गादी सोडली नाही. इतक्या दीर्घ सेवेबद्दल हल्ली कंपनी भिंतीवरचं घड्याळ देते.

या गोष्टीने पुढच्या पिढ्यांचं थोडं नुकसानही केलं आहे. मुलाखतीला निघालेल्या प्रत्येक पोराला कोणीतरी ती ऐकवतं आणि वर बजावतं, ‘असं ठणकावून बोलायचं!’ मग ते पोर आत जातं, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नावर ठणकावून सांगतं, ‘सर, तुमच्या खुर्चीत.’ यात एक बारीक तपशील सुटतो. १८७५ मध्ये खुर्ची रिकामी होती. इथे खुर्चीत एक गृहस्थ बसलेले आहेत, त्यांच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत आणि मुलीच्या शिक्षणाचं कर्ज फिटायचं आहे.

टेबलापलीकडच्या माणसाला काय हवं असतं, हे कळलं नाही की असं होतं. बडोद्यात हा प्रश्न जितक्या तळमळीने चर्चिला जातो तितका क्वचितच कुठे चर्चिला जात असेल, आणि त्याला कारण कोयली. शहराच्या वायव्येला, बाजव्याच्या पुढचं हे गाव. १० मे १९६३ ला पंडित नेहरूंनी इथे तेलशुद्धीकरण कारखान्याची कोनशिला बसवली. रशियन तंत्रज्ञांच्या मदतीने १९६५ च्या ऑक्टोबरात पहिलं युनिट सुरू झालं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. सुरुवात वर्षाला वीस लाख टनांच्या बेताने झाली, आता क्षमता एक कोटी सदतीस लाख टनांवर गेली आहे. अधिकृत नाव गुजरात रिफायनरी, पण बडोदेकर ‘कोयली’ किंवा नुसतं ‘रिफायनरी’ म्हणतात. शेजारी खतांचा कारखाना आला, पेट्रोकेमिकल्स आलं, नंदेसरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पाहता पाहता हा पट्टा बडोद्याच्या आयांचा आवडता नकाशा झाला. ‘मुलगा रिफायनरीत’ एवढं सांगितलं की स्थळाबद्दल बाकी चौकशी शिष्टाचारापुरती उरते. जवाहरनगरच्या वसाहतीत क्वार्टर, शिफ्टची बस, औषधपाण्याची सोय. पत्रिका नंतर बघतात.

त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं की दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या घरात त्या उमेदवाराला कोणी एकटं सोडत नाही. आधी टायचा प्रश्न निघतो. टाय घालावा की नाही यावर घरात दोन पक्ष पडतात. दोन्ही पक्षांत आयुष्यात कधी टाय न घातलेलीच माणसं असतात. मग बूट. मग ‘ओळख’. आत्याच्या नणंदेचे दीर तिथे कँटीनच्या कंत्राटात होते, त्यांचा फोन नंबर शोधला जातो. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हे फोन लागल्यावर कळतं. तरी ते ‘बघतो’ म्हणतात, आणि या ‘बघतो’वर घर चार दिवस शांत झोपतं.

या सगळ्या गदारोळात एखाद्या घराला खरोखर पॅनलवर बसलेला माणूस सापडला तर ते घर भाग्यवान. गोरव्याच्या एका सोसायटीतले असे एक निवृत्त काका. रासायनिक कारखान्यांत उभी हयात गेलेली, मुलाखती घेऊन घेऊन चेहऱ्यावरची रेषा न हलवता ऐकायची सवय जडलेली. पुतण्याला पत्र आलं तेव्हा त्यांनी घरीच रंगीत तालीम ठेवली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला काका. वर इस्त्रीचा शर्ट, कारण काकूंनी बनियनवर मुलाखत घेऊ दिली नाही, आणि खाली लुंगी, कारण तिथवर काकूंचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या बाजूला पुतण्या. प्रेक्षकांत आजी, भाजी निवडत.

‘बसा,’ काका म्हणाले.

‘थँक यू, काका.’

‘सर.’

‘थँक यू, सर.’

‘अरे, त्याला आधी चहा तरी विचार,’ आजी म्हणाली.

स्वतःबद्दल सांगा, म्हटल्यावर पुतण्याने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. जन्म, शाळा, टक्केवारी, वडिलांचा व्यवसाय, छंद वाचन आणि क्रिकेट. काकांनी विचारलं, शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं? पुतण्या छताकडे बघू लागला. ‘मग सिनेमे बघणं लिही,’ काका म्हणाले. ‘निदान शेवटचा कोणता ते तरी सांगता येईल.’ पुतण्याला शंका आली की सिनेमा लिहिला तर हलकं वाटेल. काकांनी सांगितलं, ‘दिवसभरात बावीस वाचक येऊन जातात रे. एखादा प्रेक्षक आला तर बरंच वाटतं.’

मग विषयाला सुरुवात झाली.

‘सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करताना डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडा ठेवशील की बंद?’

‘बंद, सर. सुरुवातीला मोटरवर लोड कमी यावा म्हणून.’

‘छान. आणि रेसिप्रोकेटिंग पंप असेल तर?’

‘तोही बंद,’ पुतण्याने त्याच आत्मविश्वासाने सांगितलं.

काकांनी डोळे मिटून घेतले. या दुसऱ्या पंपाचा स्वभाव वेगळा. तो प्रत्येक फेरीला ठरलेला द्रव पुढे ढकलणारच, वाट बंद असो की उघडी. वाट बंद ठेवली तर दाब चढत जातो. मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, आणि तो नाही उडाला तर पाइप किंवा पंपच फुटतो. काकांचं म्हणणं असं की चूक झाली याचं विशेष नाही. विशेष हे की पहिल्या उत्तराचा आणि दुसऱ्या उत्तराचा सूर एकच होता. माहीत असलेलं आणि नसलेलं हा मुलगा एकाच आवाजात सांगतो. ‘अशा माणसाला मी रात्रपाळीला एकटा ठेवणार नाही.’

नंतरचा प्रश्न त्यांनी पाणी पिऊन, सावकाश विचारला. ‘रात्रीचे अडीच वाजलेत. तू फील्डमध्ये आहेस. पंपाचा आवाज अचानक बदलला, आतून खडे फिरताहेत असा आवाज येतोय. काय करशील?’

पुतण्या खूश झाला, कारण हे वाचलेलं होतं. ‘सर, याला कॅव्हिटेशन म्हणतात,’ इथपासून सुरुवात करून त्याने सक्शनचा दाब, द्रवाचा बाष्पदाब, बुडबुडे कसे होतात, कसे फुटतात, इम्पेलरला खड्डे कसे पडतात, हे सगळं सूत्रासकट सांगितलं. चांगली दोन-तीन मिनिटं लागली.

‘तोवर पंप गेला,’ काका म्हणाले.

‘म्हणजे?’

‘वॉकीटॉकी होता ना हातात? कंट्रोल रूमला कळवलंस? शिफ्ट इन्चार्जला सांगितलंस? सक्शनचा गेज बघितलास? स्ट्रेनर चोक झालाय का विचारलंस? शेजारी स्टँडबाय पंप कशासाठी ठेवलाय? एवढ्या मोठ्या प्लांटमध्ये तू एकटाच आहेस का?’

भाजी बाजूला ठेवून आजीने विचारलं, ‘पण अडीच वाजता हा उठणार आहे का?’

काकांनी मान्य केलं की हा प्रश्न पॅनलला सुचायला हवा होता.

तालमीतून एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि ती बडोद्यातल्या कुठल्याही क्लासच्या फलकावर लिहिलेली नसते. अशा कारखान्यातला परीक्षक उत्तरं गोळा करायला बसलेला नसतो. कागदावरचं ज्ञान लेखी परीक्षेने मोजून झालेलं असतं. तो समोरच्याकडे बघून मनातल्या मनात एक रात्रपाळी चालवून पाहतो. काही बिघडलं तर हा कळवेल की लपवेल? ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य याच्या तोंडून निघेल का? वर्क परमिट हातात नसताना कोणी घाईने म्हणालं, ‘अरे, पाच मिनिटांचं काम आहे, उघड,’ तर हा उघडेल की अडून बसेल? अशा ठिकाणी परमिटावर सही असल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडत नाही, टाकीत माणूस उतरत नाही. हे नियम कोणाच्या हौसेखातर झालेले नाहीत. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीतच बेंझिनच्या टाकीपाशी स्फोट होऊन आग लागली आणि दोघांचा जीव गेला. धुराचे लोट शहरभर दिसत होते. त्या दिवसानंतर या पट्ट्यात नोकरी मागायला येणाऱ्या पोराच्या ‘मी जोखीम घ्यायला घाबरत नाही, सर’ या वाक्यावर टेबलापलीकडे कोणी मान डोलावत असेल असं वाटत नाही. क्लासवाले मात्र ते वाक्य अजून शिकवतात.

क्लासवाल्यांची आणखी एक देणगी म्हणजे दोष. ‘तुमचा एखादा दोष सांगा’ या प्रश्नाला सबंध गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच उत्तर आहे : मी परफेक्शनिस्ट आहे. एका दिवसात अशी पंधरा परिपूर्ण माणसं पाहिल्यावर परीक्षकाला कोणीतरी ‘सर, मला सकाळी लवकर जाग येत नाही’ म्हणालेलं हवं असतं. अर्थात, शिफ्टच्या नोकरीला तेही म्हणू नये.

आता थोडं गणित, कारण ज्या गोष्टीसाठी घरात एवढं रामायण घडतं तिचं वजन किती, हे बघितलेलं बरं. ही रिफायनरी ज्या कंपनीची, त्या इंडियन ऑइलने इंजिनिअर निवडताना काही वर्षं जी पद्धत वापरली तिच्यात ‘गेट’ परीक्षेच्या गुणांना ८५ टक्के, गटचर्चा आणि गटकार्य यांना मिळून ५ आणि मुलाखतीला १० टक्के वजन होतं. म्हणजे टाय, बूट, आत्याच्या नणंदेचे दीर आणि परफेक्शनिझम ही सगळी फौज शंभरातल्या दहांसाठी. पण दहा म्हणून हसण्यावारीही नेता येत नाही. मुलाखतीत किमान गुण मिळाले नाहीत तर उरलेल्या नव्वदांचं लोणचं घालावं लागतं. शिवाय शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्यांचे गेटचे गुण इतके सारखे असतात की निकाल त्या दहांतल्या दोन-तीनांवरच लागतो.

गटचर्चेचे गुण कमी, करमणूक जास्त. आठ-दहा जण गोल बसतात आणि विषय मिळताच सगळे एकदम पहिले बोलतात, कारण ‘पहिला बोलतो तो नेता’ असं शिकवलेलं असतं. मग प्रत्येक जण ‘ॲज माय फ्रेंड राइटली सेड’ म्हणून फ्रेंडचा मुद्दा साफ मोडीत काढतो. भिंतीशी बसलेला परीक्षक या वेळी बहुधा बोलणाऱ्याकडे बघतच नाही. दुसरा बोलत असताना कोण ऐकतंय, हे तो बघतो. आणि अशा खोलीत ऐकणारा सापडणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट की त्याला तिथल्या तिथे नेमणूकपत्र द्यावं असा मोह होत असणार.

खालच्या पदांचा तर सगळा खेळच बदलला. १५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी छोट्या पदांच्या मुलाखती बंद करण्याबद्दल सांगितलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या आणि सरकारी कंपन्यांच्या कनिष्ठ पदांना मुलाखत राहिली नाही. लेखी परीक्षा द्यायची. जिथे हाताचं काम आहे तिथे कौशल्याची चाचणी, आणि तीही फक्त पास-नापास ठरवण्यापुरती. कारण उघड होतं. मुलाखतीचे गुण कागदावर मावत नाहीत, खिशात मावतात, अशी लोकांची पक्की समजूत होती. या निर्णयाने किती जणांना न्याय मिळाला हे सांगणं कठीण. पण बडोद्यातल्या ‘बघतो’ म्हणणाऱ्या काकामंडळींची प्रतिष्ठा एका रात्रीत उतरली. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं कारणच उरलं नाही.

माणूस पारखायचं खात्रीचं यंत्र शोधण्याचा नाद जगात पुष्कळांना लागला. थॉमस एडिसनने १९२१ च्या सुमाराला नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादीच केली होती. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात, सुकवलेले आलुबुखार कुठून येतात, असले प्रश्न. बहुतेक जण आपटले आणि एडिसन कॉलेजांच्या नावाने बोटं मोडत बसला. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आले तेव्हा पत्रकारांनी यादीतला आवाजाच्या वेगाचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, पुस्तकात सापडणारी गोष्ट मी डोक्यात ठेवत नाही. थोडक्यात, एडिसनकडे आइन्स्टाइनला नोकरी मिळाली नसती. हे वाचून गेटमध्ये नापास झालेल्यांनी फार खूश होऊ नये. आइन्स्टाइनना बाकीचं बरंच येत होतं.

याहून मजेशीर डॅनियल कानमन यांचं. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण १९५५ च्या आसपास एकविसाव्या वर्षी ते इस्रायली सैन्यात होते आणि नव्या जवानांच्या मुलाखती कशा घ्याव्यात हे ठरवायचं काम त्यांच्यावर आलं होतं. तोवर मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारून ‘हा चांगला निघेल’ असं सांगत, आणि अंदाज सपशेल चुकत. कानमननी सहा गुण ठरवून दिले, प्रत्येकाचे ठरलेले प्रश्न दिले, आणि सांगितलं की एकेका गुणाला वेगवेगळे आकडे द्या, एकूण मत बनवूच नका. मुलाखत घेणारे भडकले. तुम्ही आमची यंत्रं करताय, म्हणाले. तेव्हा कानमननी तडजोड केली : आधी सगळे आकडे भरा, मग डोळे मिटा, या पोराला सैनिकाच्या वेशात बघा आणि मनाला येईल तो आकडा टाका. नवी पद्धत जुन्यापेक्षा कितीतरी बरी ठरली, आणि गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. फक्त डोळे शेवटी मिटायचे. आपल्याकडे बरेच परीक्षक ते उमेदवार दारातून आत यायच्या आधीच मिटतात. आडनाव, कॉलेज आणि बुटांची पॉलिश एवढ्यावर आकडा ठरलेला असतो, मुलाखत नंतर होते.

नेमकं काय बघायचं याचा गोंधळ जुना आहे, आणि त्याचंही एक उत्तम उदाहरण बडोद्याच्याच दप्तरात सापडतं. अरविंद घोष इंग्लंडात आय. सी. एस.ची लेखी परीक्षा १८९० मध्ये वरच्या नंबरांत पास झाले होते. ग्रीक-लॅटिनमध्ये त्यांचा हात धरणारे थोडे. अडलं ते घोड्यावर. घोडेस्वारीच्या परीक्षेला वारंवार संधी देऊनही ते हजर राहिले नाहीत आणि साम्राज्याने त्यांना बाद केलं. एक जिल्हा चालवणारा माणूस निवडताना इंग्रज सरकारने शेवटी तो घोड्यावर बसतो का, एवढंच पाहिलं. त्याच सुमाराला सयाजीराव लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन यांच्या ओळखीने भेट झाली, मुलाखत झाली, आणि महिना दोनशे रुपयांवर अरविंदबाबू बडोद्याला आले. सयाजीरावांनी पुढे लोकांना कौतुकाने सांगितलं म्हणे, की आय. सी. एस.चा माणूस आपल्याला दोनशेत मिळाला. अरविंदबाबूंनीच हा किस्सा सांगून ठेवला आहे, तेव्हा त्यांना सौदा कसा झाला ते नंतर समजलं असावं. जमीनमोजणी, मुद्रांक, महसूल अशी खाती फिरून ते बडोदा कॉलेजात शिकवू लागले आणि १९०६ मध्ये उठून बंगालच्या राजकारणात गेले. लंडनच्या त्या खोलीत ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ हा प्रश्न निघाला नव्हता, हे सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं.

त्याच सयाजीरावांची आणखी एक निवड इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. डॉ. आंबेडकरांमधली बुद्धी त्यांनी ओळखली, बी. ए.ला शिष्यवृत्ती दिली, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ ला झाला. कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने फायली लांबून टाकत होते. शहरात राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तर ते कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. काही दिवसांतच त्यांना परत फिरावं लागलं. उमेदवाराला जागतिक दर्जाच्या कसोट्या लावून झाल्या होत्या. ज्या कचेरीत तो बसणार तिची परीक्षा कोणी घेतली नव्हती. ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?’ हा प्रश्न आज प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी येतो, आणि उमेदवार विनयाने ‘नाही, सर’ म्हणतो.

खासगी कारखान्यांत एवढा खोल विचार नसतो. नंदेसरी किंवा रणोलीकडच्या एखाद्या छोट्या केमिकल कंपनीची ‘वॉक-इन’ मुलाखत सात मिनिटांत उरकते. शेठ स्वतः समोर. पदवीचा कागद उलटा धरला तरी चालतो. प्रश्न तीनच : शिफ्ट चालेल? गाडी आहे? राहता कुठे? शेवटचा प्रश्न ऐकून नवख्याला वाटतं, साहेबांना घरादाराची आपुलकी. साहेब नदी मोजत असतात. दांडिया बाजारातल्या माणसाला या पट्ट्यात यायचं तर विश्वामित्री ओलांडावी लागते. विश्वामित्री पावसाळ्यात शहरात शिरते आणि येताना मगरी घेऊन येते. २०१९ मध्ये आली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आली. ‘सर, गल्लीत मगर आहे’ हे रजेचं कारण देशात इतर कुठल्याही कंपनीत खोटं ठरेल, बडोद्यात ते फोटोसकट येतं. तेव्हा शेठचा प्रश्न भूगोलाचा आहे. नदीच्या अलीकडे राहणारा सेकंड क्लास, पलीकडच्या गोल्ड मेडलिस्टला पाण्याच्या दिवसांत भारी पडतो.

सरकारी पॅनलवर मगरीबद्दल विचारत नाहीत. तिथे भूगोलाचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो सगळ्यात शेवटी, फाइल मिटता मिटता, सहज विचारल्यासारखा येतो : ‘भारतात कुठेही जायची तयारी आहे ना?’

‘येस सर. भारतात कुठेही चालेल.’

हे उत्तर द्यायला कोणीच अडखळत नाही. गोरव्याच्या पुतण्यानेही दिलं. पंपाच्या प्रश्नाला त्याने म्हणे ‘खात्री नाही सर, विचारून सांगेन’ असं उत्तर दिलं, आणि टेबलापलीकडचे एक गृहस्थ पहिल्यांदाच वहीतून मान वर करून बघू लागले. महिनाभराने निवड झाल्याचं पत्र आलं. घरात पेढे आले, आजीने देवापुढे साखर ठेवली. इंडियन ऑइलच्या रिफायनऱ्या नऊ आहेत : दिग्बोई, गुवाहाटी, बरौनी, कोयली, हल्दिया, मथुरा, पानिपत, बोंगाईगाव आणि पारादीप. घरातल्या सगळ्यांना इतके दिवस यातली एकच माहीत होती. पुतण्याला मिळाली बोंगाईगाव.

काकांनी नकाशात आसाम काढून दाखवला. वडिलांनी त्याच संध्याकाळी आत्याच्या नणंदेच्या दिरांना पुन्हा फोन लावला, बदलीचं काही जमतं का विचारायला. ते ‘बघतो’ म्हणाले. काकू मात्र कुरिअरवाल्याशी फोनवर वाद घालत होत्या, की भाकरवडी तिथे पोचायला नक्की किती दिवस लागतात, आणि पावसाळ्यात ती नरम पडली तर जबाबदार कोण.